नको म्हटल्यावर

माझी मुलगी म्हणते, महागड्या हॉटेलात जेवायची मजाच वेगळी. मी म्हणतो, असेल बाई. त्या दिवशीचं पनीर खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? माझं भांडण पनीरशी नाहीच.

तिला नोकरी लागली तेव्हा मला घरीच जेवण घालायचं होतं. चिखलीतलं आमचं घर लहान, पण गच्चीवर दोन पंगती सहज उठल्या असत्या. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या आणि जिलबी. खरं सांगायचं तर ती पंगत मला दादासाठी हवी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावी शेती करतो. विहीर आम्हा दोघांची सामाईक, आणि मोटार कुणी कधी लावायची यावरून आमचं असं वाजलं की बोलणंच बंद झालं. मला ते सोसत नव्हतं.

आमच्याकडे भाऊ भावाची माफी मागत नाही. जीभच वळत नाही. पंगतीत यजमान जिलबी घेऊन येतो, रुसलेला माणूस ताटावर हात आडवा धरून ‘नको, नको’ म्हणतो, यजमान तो हात बाजूला सारून वाढतो, अगदीच अडला तर घास तोंडात कोंबतो. त्याने तो खाल्ला की मिटलं. वडिलांनी आणि काकांनी असंच मिटवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. मलाही तेवढंच करायचं होतं.

मुलीने नव्या एसी हॉटेलचा हट्ट धरला. “आईने किती राबायचं, बाबा?” मी कबूल झालो. म्हटलं, आग्रह काय, कुठेही करता येतो.

दादा आला. वहिनीचे गुडघे दुखत होते म्हणून एकटाच आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यानेही मी हरखलो. पण टेबल लांबलचक. मधे मुलीच्या मैत्रिणी, त्या टोकाला दादा, या टोकाला मी.

काळे हातमोजे घातलेला वेटर दादापाशी आला. “सर, रोटी रिपीट?”

दादाने ताटावर हात धरला. “नको, नको. बास.”

“ओके सर,” म्हणून वेटर पुढे गेला. दादाचा हात तसाच राहिला. मग त्याने तो हळूच काढून घेतला. भाजीलाही तेच झालं, भातालाही तेच. वेटरचा काय दोष? पाहुण्याने नको म्हटलं की वाढायचं नाही, हेच त्याला शिकवलेलं. आणि पहिल्याच नकाराला ताट रिकामं राहतं, हे दादाला उभ्या जन्मात कुणी दाखवलं नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं. गुलाबजामची वाटी घेऊन मी उठलोही. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “बाबा, बसा ना. सगळे बघताहेत. वेटर आहे की.” आजूबाजूची माणसं देवळात बोलावं तशी हळू बोलत जेवत होती. मला लाज वाटली आणि मी बसलो.

का बसलो? फार तर लोक हसले असते. अजूनही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीने माझ्या बायकोला फोन केला. “घरी आले अन् मले म्हने, पिठलं टाक, उपाशीच हाय. मी म्हनलं, काऊन, हाटेलात गेलते ना? तं म्हने, मले कोनी घे म्हनलंच नाई.” बायको मला हे हसत सांगायला लागली, पण शेवटच्या वाक्याला तिचं हसू ओसरलं.

हिवाळ्यात दादाचंच बोलावणं आलं. मळ्यात रोडगे होते. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. फुकटात म्हणावं असं जेवण. मी मनात मांडे खात गेलो. आता दादा आग्रह करेल, मी आढेवेढे घेईन आणि सगळं निवळेल.

दादा स्वतः वाढत होता. शेजारच्या मळेकऱ्याला “घे बे, लाजून काय राह्यला?” म्हणत त्याने दोन रोडगे त्याच्या पत्रावळीवर टाकले. मग माझ्यापाशी आला.

“देऊ?”

मी सवयीने हात आडवा धरला. “नको दादा, झालं.”

चुलीपासून वहिनी म्हणाली, “अहो, भाऊजीले वाढा ना. एकच तं खाल्ला त्याईनं.”

“राहू दे,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. “त्याच्याकडं आग्रह करत नाईत. नाई म्हनलं म्हंजे नाई.”

आणि टोपलं घेऊन तो पुढच्या पानाकडे गेला.