हॅल्सेलच्या दुकानातली मिस ओडेसा

शिकागोच्या साउथ साइडला, एकोणऐंशीव्या रस्त्यावर, हॅल्सेल यांचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि त्या दुकानात काउंटरमागे ओडेसा प्रूइट उभी असायची. हॅल्सेलनी तिच्यासाठी एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं, पण त्यावर तिची पर्स बसायची. त्या काळी तिकडे रेकॉर्डची दुकानं पैशाला पासरी होती, तरी लोक दोन बस बदलून इथे यायचे, ते ओडेसाच्या कानासाठी. गाण्याचं नाव ठाऊक नसलं, गाणाऱ्याचं नसलं, तरी चालायचं. काउंटरला टेकून उभं राहायचं आणि आठवेल तेवढं गुणगुणायचं. ओडेसा मान जरा तिरकी करायची, तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात जायची, आणि मागे वळूनही न बघता ती हात लांब करून एक रेकॉर्ड काढायची.

"हे नाही, मिस ओडेसा," एखादा म्हणायचा.

"हेच आहे. तू चुकीचं गुणगुणतोयस. लावून बघ."

आणि तेच असायचं.

मिसिसिपीहून आईचं बोट धरून ती नऊ वर्षांची असताना आगगाडीने इथे आली. नवरा एमॉस पोलादाच्या कारखान्यात होता, तो गेल्याला पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गायचं, आणि बाकीचे सहा दिवस हॅल्सेलचं दुकान, एवढंच तिचं आयुष्य होतं. आणि ते कमी आहे असं तिला कधी वाटलं नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात शहरातल्या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मध्ये, एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या, म्हणजे बहुतेक काळ्यांनी गायलेल्या नाचगाण्यांच्या, रेकॉर्डांची भलीमोठी पेटी सुरुंग लावून उडवली. ओडेसाने ते टीव्हीवर पाहिलं. मैदानात धावत सुटलेल्या त्या गोऱ्या पोरांचे चेहरे तिला गाणं न आवडणाऱ्या माणसांसारखे वाटले नाहीत. ते चेहरे तिने लहानपणी मिसिसिपीत, काळ्यांच्या घरांवर चालून येताना पाहिले होते. तिने टीव्ही बंद केला.

बघता बघता डिस्कोचा बाजार उठला. कंपन्यांनी तसली गाणी काढणं सोडलं. हॅल्सेल एका सकाळी चार खोक्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "ओडेसा, हा माल मेला. मागच्या गल्लीत टाकून दे."

"मेलाय ना? मग मातीपण मीच देईन," ती म्हणाली, आणि चारही खोकी पायाने ढकलत ढकलत तिने चर्चच्या गाण्यांच्या फळीखाली नेऊन लावली.

"बाई, पगार मी देतो की तू?"

"तुम्हीच देता. म्हणून तर तुमचं नुकसान होऊ देत नाही."

त्या खोक्यांपाशी लिंडेल गॅस्किन पहिल्यांदा येऊन बसला तो दिवस सोमवार होता. विशीतला, काडीसारखा पोरगा. पण पँटीची इस्त्री अशी की कडेने बोट कापावं. फुलांच्या दुकानात काम करायचा, त्यामुळे आला की आधी मोगऱ्यासारखा कसलातरी वास यायचा. जमिनीवर फतकल मारून तो एकेक रेकॉर्ड काढायचा, उजेडाकडे तिरपी धरून खाचा बघायचा, आणि ढीग करायचा.

"पोरा, ही गाणी आता कोणी ऐकत नाही म्हणतात," ओडेसा म्हणाली.

"कोण म्हणतं? शनिवारी माझ्याकडे सहाशे माणसं असतात."

पश्चिमेला, कारखान्यांच्या वस्तीत, पियानोचं एक जुनं गोदाम होतं. तिथे लिंडेल शनिवारी रेकॉर्ड लावायचा. दारू नाही, नुसता फळांचा रस. येणारी बहुतेक पोरं त्याच्यासारखीच होती: काळी, आणि मुलग्यांवर जीव जडलेले मुलगे. त्यातल्या कितीतरी जणांना घराचं दार बंद झालेलं. त्या गोदामाला, वेअरहाउसला, ती सगळी नुसतं 'हाउस' म्हणायची. सोमवारी दुकानात यायची आणि म्हणायची, "हाउसवर परवा वाजलं ते द्या." ओडेसाने एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात 'हाउसवर वाजलेलं' असं लिहून खोक्यावर खोचलं. पुढे त्या गाण्यांना जगभर 'हाउस' हेच नाव पडलं. ते कुठून आलं याची कथा शिकागोत ज्याची त्याची वेगळी आहे. ओडेसाने कधी हक्क सांगितला नाही. तिला फक्त रोज तेच तेच विचारलं जायला नको होतं.

आणि मग एका सोमवारी एक मुलगी आली. काउंटरवर बोटांनी ठेका धरून तिने काहीतरी गुणगुणलं. ओडेसाची मान तिरकी झाली, गोळी या गालातून त्या गालात गेली, परत आली. हात काही उठेना.

"पुन्हा म्हण."

मुलीने पुन्हा म्हटलं. संध्याकाळपर्यंत आणखी तिघे तेच गुणगुणून गेले. पुढच्या सोमवारी सात. हॅल्सेलना तर पर्वणीच. "काय मिस ओडेसा, कानात कापूस गेला काय?" ओडेसाने अख्खं दुकान उपसलं. घरी स्वयंपाक करताना तो ठेका डोक्यात फिरायचा, कांदा करपायचा. तीन आठवडे झाले. शेवटी तिने लिंडेललाच पकडलं.

"ते काय आहे रे? सरळ सांग."

लिंडेल लाजल्यासारखा हसला. "सांगून नाही कळायचं. येऊन ऐका."

"मी? रात्री? त्या गोदामात?"

"रविवारी दुपारपर्यंत चालतं, मिस ओडेसा. चर्च सुटलं की या."

त्या रविवारी पाद्र्याच्या प्रवचनात तिचं लक्ष नव्हतं. प्रार्थना संपली तशी ती पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, तशीच बसमध्ये बसली. गोदामाच्या दाराशी एक दांडगा तरुण उभा होता. त्याने टोपीकडे पाहिलं आणि आपली सिगारेट पाठीमागे लपवली.

"मदर, कोणाला शोधताय? कोणाची आई आहात?"

"कोणाची नाही. गाणं शोधतेय."

आत खिडक्या रंगवून बंद केलेल्या, तरी फटींतून उन्हाच्या पट्ट्या आल्या होत्या आणि त्यांत धूळ नाचत होती. घामाने निथळलेल्या पोरांनी तिला वाट करून दिली. कोणी खुर्ची आणली, कोणी कलिंगडाची फोड. ती खुर्चीवर बसली नाही, सवयच नव्हती. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभी राहिली. ढोल पोटात वाजत होता. एका पोराने डोळे मिटून दोन्ही हात वर केले होते आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. असे हात तिने तासाभरापूर्वी चर्चमध्ये पाहिले होते.

आणि मग ते गाणं आलं.

ओडेसा ऐकत राहिली. मग लाकडी जिना चढून लिंडेल रेकॉर्ड लावायचा त्या माचीवर थेट गेली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "लबाडा! हे एक गाणं नाहीच! ढोल त्या इटलीच्या रेकॉर्डवरचा, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. वरचा आवाज फिलाडेल्फियाच्या बाईचा. खरं की नाही?"

"खरं. टेप कापून जोडलीय. ब्लेडने."

"आणि टाळ्या? टाळ्या कोणाच्या?"

लिंडेलने पायाशी ठेवलेलं रेकॉर्डचं एक जुनं पाकीट उचललं. त्यावरच्या फोटोत लांब झगे घातलेली बावीस माणसं उभी होती. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी ओडेसा होती, पंधरा वर्षांनी तरुण. चर्चचं छप्पर दुरुस्त करायला गायनवृंदाने काढलेली ती एकुलती एक रेकॉर्ड, दोनशे प्रती. हॅल्सेलच्या फळीवर ती वर्षानुवर्षं पडून होती, बरोबर त्या चार खोक्यांच्या वर.

"देवाच्या टाळ्या तू इथे लावल्यास?" तिचा आवाज चढला होता.

"घरातून काढलं तेव्हा चर्चपण सुटलं," लिंडेल म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "गाणी कुठेही मिळतात, मिस ओडेसा. तशा टाळ्या मिळत नाहीत. तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो."

ओडेसाने खाली पाहिलं. सहाशे माणसं तिच्या टाळीवर पाय टाकत होती. तिने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, पर्समध्ये ठेवले.

"राहू दे," ती म्हणाली. "पण दुसरी टाळी जरा मागे पडतेय. ते नीट कर."

त्यानंतरची सहा-सात वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात गजबजलेली. रविवारी दुपारी लिंडेल तिच्या स्वयंपाकघरात टेपचं यंत्र मांडायचा, ती मासे तळायची आणि पाठमोरीच सांगायची, "अजून एक फेरा. आता बाईला येऊ दे." पोरं ढोल वाजवणारी यंत्रं विकत घेऊन घरच्या तळघरात स्वतःच गाणी करायला लागली, आणि पहिली प्रत ओडेसाला ऐकवायला आणायची. ती वाईटाला वाईट म्हणायची. तरी पोरं यायची.

सत्त्याऐंशीच्या थंडीत लिंडेलची इस्त्रीची पँट कमरेवरून घसरायला लागली. तो आजार कोणता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. 'एड्स' हा शब्द मात्र कोणी उच्चारत नव्हतं. रुग्णालयातले लोक ताटं त्याच्या दाराबाहेरच ठेवून जायचे. ओडेसा ताट आत न्यायची, हातमोज्यांशिवाय त्याला भरवायची. मार्चमध्ये तो गेला. चर्चमध्ये अंत्यविधी करायला पाद्री का-कू करू लागला, तेव्हा ओडेसा एवढंच म्हणाली, "ठीक आहे. मग येत्या रविवारपासून खालच्या पट्टीत तुम्ही गा." अंत्यविधी झाला. लिंडेलचे वडील आले नाहीत. घरच्यांच्या बाकावर ओडेसा एकटी बसली, आणि मग हाउसवरची पोरं एकेक करत येऊन तिच्या शेजारी बसली, बाक भरेपर्यंत.

ती पोरं पांगली. कितीतरी लिंडेलच्याच वाटेने गेली. गोदामाच्या जागी मोटारी ठेवायची इमारत झाली. हॅल्सेलनी एक्क्याण्णव साली दुकान बंद केलं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, एप्रिलमध्ये, ओडेसाच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची, परिचारिकेच्या गणवेशात. काडीसारखी.

"मी कॉर्लिस. लिंडेलची धाकटी बहीण." ती उंबऱ्यातच थांबली. "तो गेला तेव्हा मला कळवलंच नाही हो घरच्यांनी. बाबा आता गेले. चर्चमध्ये तुमचा पत्ता मिळाला. तो काय लावायचा, एवढंच विचारायला आलेय. मला काहीच माहीत नाही त्याचं."

"आत ये, बाळा. कोट काढ."

लिंडेलने मागे ठेवलेल्या रेकॉर्ड ओडेसाकडे होत्या. तिने रात्रीची सुरुवात कशी व्हायची तिथून सुरुवात केली: आधी सावकाश गाणी, मग जरा चढती. प्रत्येक रेकॉर्डची काहीतरी आठवण होती. इथे तो दिवे घालवायचा. इथे एकजण नेहमी बूट काढायचा. इथे तो मुद्दाम थांबायचा, लोक ओरडेपर्यंत. कॉर्लिस सोफ्याच्या कडेला, पर्स मांडीवर धरून ऐकत होती. चौथ्या-पाचव्या गाण्याला तिचा पाय हलायला लागला. सातव्याला तिने पर्स खाली ठेवली.

"असा नाचायचा का तो?" तिने उठून विचारलं.

"तो कुठला नाचतोय! लाकूड होता नुसता. तू बरी आहेस त्याच्यापेक्षा."

कॉर्लिस हसली, आणि हसता हसता रडायला लागली, पण थांबली नाही. ओडेसाचे गुडघे दुखत होते. तिने टेबल भिंतीला सरकवलं, आणि पुढची रेकॉर्ड काढून बाहीला पुसली.