बर्फाला घोंगडी

धड... धड... फूस्स! औरंगपुऱ्यामागच्या बर्फाच्या कारखान्याचं इंजिन असं सुरू व्हायचं. तरुणपणी मी तिथं लाद्या उचलायचो. आता कान मंद झालेत, तरी तो आवाज येतो. तो आला की मागोमाग बाबूराव मिस्त्री येतात, आणि मग एक गोष्ट सांगून भागत नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मिस्त्री, तेल जाळून बर्फ कसा व्हतो?"

त्यांनी माझा हात धरून कॉम्प्रेसरच्या पाइपाला लावला. चटकाच बसला!

"ही पाण्यातली ऊब. तिथून काढली, इथं निघाली. ऊब कुठं मरत नाय, बाळा."

* * *

त्याच पाइपावर ते आमच्या भाकरी गरम करायचे. एकदा तपासणीला साहेब आले. हौदात बर्फ आणि पाइपावर सात भाकरी!

"हे काय चाललंय?"

"साहेब, आमी थंडी विकतो. गरमी फुकट हाय. घ्या की!"

साहेबांनी दोन खाल्ल्या.

* * *

बर्फाचे डबे ज्यात बुडवतात त्या मिठाच्या पाण्यात मिस्त्री बोट घालून किती थंड झालंय ते सांगायचे. मालक थर्मामीटरनं ताडून बघायचे. एकदा दोघांत फरक पडला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी थर्मामीटर बदलला!

* * *

एका मे महिन्यात गंगापूरकडचा एक माणूस आला. त्याचे वडील सकाळीच गेले होते. धाकटा भाऊ फौजेत, उद्या दुपारी पोचणार होता.

"त्याला बापाचं तोंड दिसलं पायजे, मिस्त्री. तवर बर्फ टिकंल का?"

"टिकंल."

मिस्त्रींनी लाद्यांना भुसा लावला, गोणपाटात बांधल्या आणि वरून स्वतःची घोंगडी गुंडाळली.

"आवं, बर्फाला घोंगडी? वितळंल की!" तो माणूस म्हणाला.

"घोंगडीला काय ठावं आत कोण हाय? ती भायेरची ऊब भायेरच ठेवती. लागंल तेवढाच काढा, बाकी झाकून ठेवा."

पंधरा दिवसांनी एक तरुण दारात उभा राहिला. डोक्याचा गोटा केलेला, पायात फौजी बूट, हातात धुतलेली घोंगडी.

"बाबूराव मिस्त्री कोण?"

मी बोट दाखवलं.

त्यानं घोंगडी आधी कपाळाला लावली, मग मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी पाइपावरची एक भाकर उचलून त्याच्यापुढं धरली.

ती गरम भाकर त्यानं दोन्ही हातांत घेतली आणि तो निघून गेला.