उमहानीच्या नळाचं पाणी

भिंतीला कान असतात असं म्हणतात. आमच्या सूफमधल्या, या वाळवंटी मुलखातल्या भिंतींना नाहीत, त्या नुसत्याच पातळ आहेत. मी लग्न होऊन या गल्लीत नुकतीच आले होते. अंगणात कुसकुसचा रवा चाळत बसले होते, तेव्हा पलीकडे उमहानीच्या घरी मुलगी बघायला बायका आल्या.

पुढारी होती लल्ला रबीहा; मानाच्या बाईला आम्ही लल्ला म्हणतो. समुद्राकाठच्या शहरातली, नवरा इथल्या खजुराच्या वखारीत मोठा कारकून, घर आमच्याच गल्लीत. तिला थोरल्या मुलासाठी उमहानीची लेक नूवा हवी होती. नूवा चहा घेऊन आली असेल ती पदरानं तोंड झाकून, कारण आमच्या मुली तशाच येतात. आमचे दात तपकिरी. माझे, तिचे, अख्ख्या गावाचे.

"घे हा बदाम," रबीहाचा आवाज आला. "दातानं फोड, आणि एकदा हस बघू."

होणाऱ्या सासवा असं बघतातच. बदाम काडकन फुटला, तो मला इकडे ऐकू आला. मग नूवा हसली असणार, कारण पलीकडे सगळं चिडीचूप झालं.

"अगं बाई," रबीहा म्हणाली, "हिच्या तोंडात खजुराच्या बिया पेरल्यात का कुणी?"

"बी टिकते, लल्ला," उमहानी म्हणाली. "पीठ पांढरं असतं, पण त्याला कीड लागते."

"लागू दे. माझ्या घरात असले दात यायचे नाहीत. हे रक्तातच असतं."

"तुझी नातवंडं याच वाळूत रांगणार आहेत, रबीहा. त्यांचे दात आले की मी तुझ्या दारात येऊन त्यांना हसायला सांगीन."

उमहानीच्या तोंडचं 'लल्ला' गेलं आणि नुसती रबीहा उरली, तेव्हाच मी ओळखलं की हे आता मिटायचं नाही.

नूवाला मग लांबच्या गावातला एक विधुर मिळाला. माणूस बरा होता. पण स्वतःच्या मेंदीच्या दिवशीसुद्धा पोरगी तोंडावर हात ठेवून बसली, हाताला ओली मेंदी असताना. हनुवटीवर लाल डाग उठला. आम्ही हसलो. उमहानी हसली नाही. ती डाग पुसत होती आणि भिंतीपलीकडे रबीहाच्या घराकडे बघत होती.

बरीच वर्षं गेली. उमहानीचा नवरा वारला. तिच्या भावानं तिच्या पुढच्या खोलीत पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं आणि भिंतीतून गल्लीत एक नळ काढला. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि उमहानी आत स्टुलावर बसून कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारायची.

त्याच सुमाराला शाळेत दातांची डॉक्टरीण आली. तिनं आयांना बसवून सांगितलं, की आपल्या खोल विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड नावाचं काहीतरी फार आहे. थोडं असलं तर दात घट्ट होतात. पण पोराचे दात हिरडीच्या आत घडत असताना ते फार पोटात गेलं, तर दात डागाळूनच बाहेर येतात, मग घासून घासून हात मोडला तरी डाग जात नाही. कडक चहातही ते असतं. आणि पाणी उकळलं तर ते उडून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं.

मी म्हटलं, "मग आम्ही पोरांना दूध सुटल्यापासून चहा पाजतो, त्याचं काय?"

"त्याचंच तर सांगतेय, खाल्ती," ती मला मावशी करत म्हणाली.

सगळी गल्ली नळावर यायला लागली. रबीहाचं घर तेवढं आलं नाही. "त्या बाईच्या नळाला तोंड लावू?" रबीहा म्हणायची. ती घरीच पाणी उकळायची, निम्मं होईस्तोवर, कारण शहरात तिची आई तसंच करायची. नातू वासिमला तेच पाणी, त्याच पाण्याचा चहा.

"तिला सांग तरी," मी उमहानीला म्हटलं.

"ती शाळेत नव्हती का बसली? पुढच्या रांगेत होती, पंखा हलवत."

"सुनेला सांग मग. ती दलीला बिचारी गरीब आहे."

"गरीब आहे, पण खाते कुणाच्या ताटात?" असं म्हणून तिनं नळ बंद केला.

वासिमचे दुधाचे दात पडले आणि नवे आले. पिवळे, मधेमधे तपकिरी. ईदच्या दिवशी उमहानी नवा झगा घालून रबीहाच्या दारात गेली. ओट्यावर बायका बसल्या होत्या. तिनं पोराच्या हातावर बदाम ठेवला. "ईद मुबारक, राजा. फोड, आणि हस बघू."

पोरगं दिलखुलास हसलं. रबीहानं त्याला दंडाला धरून आत ओढलं. बायका आपापल्या ताटलीतल्या मकरूदच्या वड्यांकडे बघत राहिल्या. उमहानी घरी आली आणि दोन ताटं कुसकुस जेवली. मी समोरच होते.

पण दुसऱ्या दिवशी वासिम नळावरून गेला, तो तोंडावर पंजा ठेवून. त्या दिवशी उमहानी जेवली नाही.

"हात रबीहाच्या तोंडावर यायला हवा होता," ती म्हणाली. "हा कुणाच्या तोंडावर आला?"

मला वाटलं, आता थंडावली. कसली थंडावते. तिनं नुसतं हत्यार बदललं.

दलीलाला मुलगी झाली, इनास. सातव्या दिवशी नाव ठेवलं आणि त्याच दुपारी उमहानी गोड्या पाण्याचा डबा हातगाडीवर घालून रबीहाच्या दारात हजर.

रबीहानं सगळ्यांदेखत तो वाळूत उपडा केला.

"वाळूला तहान होतीच," उमहानी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुसरा डबा घेऊन गेली. तोही उपडा झाला. तिसरा दलीलानं मागच्या दारानं आत घेतला. सासूला ती एवढंच म्हणाली, "तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा, अम्मा. दात माझ्या पोरीचे आहेत."

तेव्हापासून दर गुरुवारी डबा. गुपचूप नाही हं. उमहानी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारायची, "लल्ला रबीहा, तुमच्या नातीचं पाणी आलं." 'लल्ला' परत आलं होतं, पण ते आता सुईसारखं टोचायचं. आणि रबीहाला दार उघडावं लागायचं, कारण दलीलाला सकाळी शिवणाला जावं लागे.

इनासला दात आल्यावर डब्याबरोबर एक दिवस टूथपेस्टही आली. "ही कशाला?" रबीहानं विचारलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती आपण होऊन बोलली.

"यंत्र पाण्यातलं सगळंच काढून घेतं. थोडं लागतंच. सध्या तांदळाच्या दाण्याएवढी ब्रशला लावायची, आणि ती थुंकेल असं बघायचं. फार झालं की माझ्या नूवासारखं, काहीच नसलं की तुमच्यासारखं."

रबीहाचे दात सरबतं आणि मिठाया खाऊन केव्हाच गेले होते. आता कवळी होती, आणि ती कवळी त्या क्षणी घट्ट मिटलेली होती.

इनासचे पुढचे पक्के दात आले, मोत्यासारखे. एका लग्नात कुणी पाहुणी म्हणाली, "काय सुंदर दात आहेत मुलीचे." रबीहा म्हणाली, "आमच्या घराण्यात असेच असतात."

"हो," मागून उमहानी म्हणाली, "माझ्या नळावरचं घराणं."

सगळा मांडव हसला. रबीहानं तोंडावर हात ठेवला. मी उमहानीकडे पाहिलं. ती ताटातला बदाम सावकाश सोलत होती.

आता उमहानी नाही. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरनं उठू नको म्हणून सांगितलं होतं. "इनासच्या दाढा अजून आत आहेत," ती मला म्हणाली, "आणि रबीहा अजून बाहेर आहे." त्या शेवटच्या गुरुवारी मी माझ्या दारातून पाहिलं. हातगाडी, डबा, मधेमधे थांबत ती गेली. दारावर पायानं ठोठावलं, हात गुंतले होते म्हणून. रबीहानं दार उघडलं.

"लल्ला, तुमच्या नातीचं पाणी आलं. झाकण घट्ट लावा, वारा सुटलाय."