सहा लावले, सहा उडाले

मोतीराम विहिरी खोदायचा. मी वीस वर्षं त्याच्या जोडीला होतो. काळ्या खडकात हाताने तीन फूट भोक पाडायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. त्याने धरलेल्या पहारेवरून माझा घण कधी घसरला नाही.

सुरुंगाच्या वाती पेटवून वर आलं की बार मोजायचे, हा नियम. एक जरी कमी ऐकू आला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. आणि मोजणारा एकच. दोघं मोजायला लागले की वाद होतो, आणि वादाच्या भरात माणूस खाली उतरतो.

आमच्यात मोजायची ती मोतीरामची मुलगी चांगुणा. आठ वर्षांची असताना भाकरी घेऊन आली आणि काठावर उभी राहून तिने बिनचूक मोजले, तेव्हापासून. पुढे पुण्याला विद्यापीठात दगडांचंच शास्त्र शिकायला गेली, तरी शनिवारी एस.टी.ने घरी यायची. आम्ही आठवडाभर भोकं पाडायचो आणि बार रविवारी उडवायचो.

चौऱ्याऐंशी साली विद्यापीठाने तिला सहा महिने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. तिकडची एक मुलगी इकडे, ही तिकडे. विहारात वस्तीने सत्कार केला. मोतीराम पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. घरी येताना चांगुणा म्हणाली, "बाबा, मोजणार कोण?"

"मी हाय की."

"तुम्ही वाती लावून धापा टाकत वर येता. काळूकाकांना मोजू द्या."

"याला?" मोतीराम माझ्याकडे बघून हसला. "यानं स्वतःची पोरं मोजली तरी एक कमी भरंल."

मीही हसलो. ती नाही हसली. "मग प्रत्येक पत्रात लिहायचं. किती लावले, किती उडाले."

ती गेल्यावर मी एकदा म्हणालो, "मोतीराम, मी मोजतो." तो म्हणाला, "तिची जागा हाय ती. ती येस्तोवर मी सांभाळतो. तू तोंड उघडू नको."

पत्रं मी लिहायचो. मोतीरामला सहीपुरतंच येई. सहा लावले, सहा उडाले. पाच लावले, पाच उडाले. तिची पत्रं यायची. तिथे बर्फ पडतो. मास्तर खाणीवर नेतात. तिथला मुकादम बार मोजून शिट्टी वाजवतो, तोवर कोणी हलत नाही. खाली दर वेळी एकच ओळ: "बाबा, घाई करू नका."

जानेवारीत दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेत काम चाललं होतं. चाळीस फूट खोल गेलो होतो. मोतीरामने सहा वाती पेटवल्या, दोर धरून वर आला, आडवा पडला. छाती भात्यासारखी हलत होती.

मी पाच ऐकले.

"सहा," तो उठत म्हणाला.

"मोतीराम, पाच."

"दोन जोडीनं उडाले. आणि तू मोजायचं नाय, ठरलंय आपलं."

ठरलं होतं. मी दोर खाली सोडला. धूर निवल्यावर तो उतरला. पहारेने ढिगारा उकरल्याचा आवाज मी ऐकला. मग सहावा ऐकला.

जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

दवाखान्यात त्याची बायको पुतळाबाई म्हणाली, "भाऊजी, तिला कळवू नका. अर्ध्यातून पळत येईल पोरगी. परीक्षा होऊ द्या." मोतीरामने पट्टीखालून मान हलवली. मग म्हणाला, "आकडा लिही. नायतर तिला कळंल."

मी लिहिला. सहा लावले, सहा उडाले. अशी चार पत्रं लिहिली. सहीसाठी त्याच्या बोटांत पेन देऊन हात कागदावर ठेवायचो.

मार्चमध्ये ती नाशिक रोडला उतरली. पुतळाबाई मोतीरामचा हात धरून उभी होती. चांगुणा लांबच थांबली. मग आली, बापाच्या पायाशी बसली, त्याचे हात चाचपून पाहिले. रडली नाही.

"किती ऐकले होते, बाबा?"

"सहा," मोतीराम म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. प्लॅटफॉर्मवर हमाल ओरडत होते. सहा म्हटलं असतं तर ते तिथंच मिटलं असतं.

"पाच," मी म्हणालो.

तिने बॅग उचलली, बापाचा हात धरला आणि चालू लागली. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. तिने चहा दिला. माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही.