पुलेंगचा हात उठला नाही

पुलेंगचा नवरा सकाळी वस्तीच्या नळावर तोंड धुवायला गेला आणि पोलिसांनी त्याला धरलं. काळ्या माणसानं सतत जवळ बाळगायचा सरकारी पास घरात कोटाच्या खिशात राहिला होता. घर वीस पावलांवर. पुलेंग पास घेऊन धावली, पण तिला ढकलून गाडी निघून गेली. त्याला बटाट्याच्या मळ्यावर कैदी मजूर म्हणून धाडलं. तीन महिन्यांनी निरोप आला : तापानं गेला, पुरला. कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

पुलेंग गोऱ्यांची धुणी धुवायची. घरात आंधळी सासू आणि सतरा वर्षांची लेक सेलोआने. पुलेंग धीट म्हणून कधीच ओळखली गेली नाही. पोलिसांची गाडी दिसली की धुण्याचं टोपलं डोक्यावर घेऊन ती आडवाटेला लागायची.

१९५७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वस्तीत हुकूम आला, की आता काळ्या बायकांनीही पास बाळगायचा. चर्चच्या पडवीत गोरा साहेब येऊन बसला. नावं लिहायला वस्तीतलाच कारकून होता, मोएती.

"मावशी, अंगठा द्या."

"नाही देणार."

"अहो, साहेब बघतोय!"

"बघू दे. माझ्या माणसाचा पास खरा होता ना, मोएती? मग त्यानं त्याला वाचवलं का?"

"हळू बोला, माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी राहू दे. पुलेंग नको म्हणाली, एवढं लिही."

रांगेतल्या अकराजणी बाहेर पडल्या. ज्यांनी पास घेतले होते, त्यांनी ते पुलेंगच्या टोपल्यात टाकले. ते टोपलं डोक्यावर घेऊन ती शहरात मॅजिस्ट्रेटच्या कचेरीपर्यंत चालत गेली आणि पायरीवर रिकामं केलं. भीतीनं तिचा परकर ओला झाला होता. हे तिनंच नंतर लेकीला सांगितलं.

चार महिने सक्तमजुरी झाली. इकडे सासूचं पेन्शन बंद झालं, कारण घरात पास नव्हता. धुणी दुसऱ्या बायकांकडे गेली. सेलोआने रानातला पाला उकडून आजीला भरवायची. तोही मिळेना, तेव्हा तिनं पास घेतला आणि एका गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कामाला लागली.

पुलेंग सुटून आली, तेव्हा सासूच आधी बोलली, "पोरीला रागावू नकोस. भूक मला लागली होती. मीच म्हटलं, जा."

"कुठंय तो?" पुलेंगनं विचारलं.

सेलोआनेनं झग्याच्या आतून पास काढला. फोटोत पोरीचे डोळे भेदरलेले होते. पुलेंगनं तो हातात घेतला.

"केस तरी विंचरायचे होतेस गं," ती म्हणाली, आणि नवरा गेल्यावरही रडली नव्हती तेवढी रडली.

आठवड्याभरात नोटीस आली : पास नसेल तर तीन दिवसांत वस्ती सोडा.

"आई, घे ना. एक अंगठा फक्त! त्या अकराजणींतल्या नऊजणींनी घेतलेसुद्धा. तुझ्या एकटीच्यानं काय होणारंय?"

"काही नाही."

"मग?"

"हातच उठत नाही गं. तुरुंगात रोज ठरवायचे, सुटले की घेऊन टाकीन. आल्या आल्या मोएतीच्या दारापर्यंत गेलेही होते."

लॉरीनं तिला आणि सासूला दूरच्या ओसाड माळावर नेऊन सोडलं. सासूनं हिवाळा काढला नाही. पुलेंग आणखी सहा वर्षं जगली, लोकांच्या घरांना माती लिंपत. पास असल्यानं मागे राहिलेल्या सेलोआनेला फक्त नाताळात यायची परवानगी मिळे.

आई गेल्याची तार आली, पण कचेरीतून पासावर प्रवासाचा शिक्का मिळायला दोन दिवस गेले. सेलोआने पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. म्हातारी शेजारीण तिला थडग्यापाशी घेऊन गेली.

"पासवाले इथंही आले होते, पोरी. तुझ्या आईला धरून रांगेत उभी केली, तर ती खाली बसली. तिघांना उचलवेना."

"आणि तुम्ही?"

"आम्ही घेतले. सगळ्यांनी." म्हातारीनं खाली बघितलं. "पण ती समोर बसलेली होती ना... घेताना मान वर करता आली नाही."

सेलोआनेच्या शिक्क्याची मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती. तिनं थडग्यावरचे दोन दगड नीट लावले आणि परतीच्या गाडीसाठी ती चालू लागली.