दुपट्ट्याखालचा सौदा

भोंगाकाकांना हळू बोलता येत नसे. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगचा भोंगा बिघडला, तेव्हा आठ दिवस मजूर काकांच्या सकाळच्या खाकरण्यावर कामाला लागत, असं लोक सांगायचे. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव फक्त मतदारयादीत होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी ते माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मास्तर, कोनाले सांगू नका, पन तुमच्या आधीचा भाडेकरू लय चोंबडा होता, म्हून काढला." तो भाडेकरू आता समोरच्याच घरात राहत होता. तो खिडकीत येऊन उभा राहिला आणि त्या घरातलं माझं शेजारधर्माचं खातं उघडण्याआधीच बंद झालं.

काकांचा धंदा बैलांच्या दलालीचा. बैलाचं कौतुक करायचं ते अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. भाव मात्र मुक्याने ठरायचा. घेणाऱ्याचा हात आपल्या हातात, वरून दुपट्टा. एक बोट दाबलं म्हणजे एक, मूठ आवळली म्हणजे पाच, आणि तळहातावर थाप पडली की सौदा पक्का. थाप पडल्यावर फिरलेला माणूस त्या बाजारात पुन्हा उभा राहू शकत नसे. काका म्हणायचे, "तोंडातली गोठ गावाची, हातातली गोठ दोघाची."

ही विद्या घरातही चाले. पाहुणे आले की जिजाकाकू पदराआड काकांचा हात धरून विचारत, चहा किती? पाहुणे चार असले तरी काका दोनच बोटं दाबत आणि दोन कप चहा चार बश्यांत फिरे. काकूंचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं, आणि जगात त्यांचा विश्वास होता तो एवढ्या एका थापेवर. "देव शब्द फिरवते, मास्तरभाऊ," त्या मला एकदा म्हणाल्या, "पन याईची थाप फिरत नाही."

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात काकांचा आवाज बदलला. तोंडात गरम भजं धरून बोलावं तसे ते बोलू लागले. आळीला आधी बरंच वाटलं. समोरच्या भाडेकरूने तर मारुतीला नारळ फोडला म्हणे. पण काकूंना ती शांतता खायला उठली. "घर कसं मेल्यावानी वाटून राह्यलं," असं त्या म्हणत. हळद-गूळ झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, एका बाबाचा अंगाराही झाला. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांनी जीभ दाबून आत पाहिलं आणि ते पाहतच राहिले. गळ्याच्या आत, मानेत खोलवर, गाठ होती. नागपूरला न्या म्हणाले. मीही सोबत गेलो.

नागपूरच्या दवाखान्यातले सर्जनसाहेब उंच, कोरडे आणि घाईतले. त्यांनी सरळ सांगितलं. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला आणि आवाजाच्या नसेला चिकटली आहे. काढली नाही तर वर्षभरात श्वास कोंडेल. काढली तर जीव वाचायचा संभव आहे, पण आवाज बहुतेक जाईल.

काकांनी डोकं खाजवलं. "साहेब, असं करा ना. अर्धी गाठ तुमची, अर्धी माह्याकडं राहू द्या. आवाज बी अर्धा द्या."

"हा काय बाजार आहे?" साहेब म्हणाले.

"बरं, तुमचं राहो, माहं राहो. बारा आने गाठ न्या, चार आने आवाज ठेवा."

साहेब पुढच्या खाटेकडे वळले. एवढ्या मोठ्या सर्जनशी घासाघीस करणारा माणूस वॉर्डाने पहिल्यांदाच पाहिला असावा. शेजारच्या खाटेवरचा पेशंट टाके पडलेले असतानाही हसला आणि मग बराच वेळ कण्हत राहिला.

खरी अडचण काकू होत्या. त्या व्हरांड्यात पदर खोचून बसल्या आणि नाही म्हणाल्या. "मान कापल्यावर मानूस वाचते काय? मले कायले सांगता?" मी समजावलं, सिस्टरने समजावलं. दोन दिवस गेले. आणि काकूंच्या 'हो'शिवाय काका संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हते. गोऱ्हासुद्धा त्यांनी काकूंना न विचारता कधी दावणीला बांधला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब राउंडला आले. काकू दारात उभ्या होत्या. काकांनी एकदम साहेबांचा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि आत काहीतरी चाचपत राहिले. साहेब गांगरले. मग त्यांना वाटलं असावं, बिचारा घाबरला आहे. त्या कोरड्या माणसाने काकांचा हात मुठीत घट्ट आवळला आणि धीर देण्यासाठी तळव्यावर हलकेच थोपटलं.

काका काकूंकडे वळले. "आयकलं का वं? पाच वर्सं कबूल केले सायबानं. म्या दहा मांगतले होते. थाप पडली!"

काकूंनी दुपट्ट्याकडे पाहिलं, साहेबांच्या पाठमोऱ्या कोटाकडे पाहिलं. "मंग कापू द्या," त्या म्हणाल्या. मला सगळं दिसत होतं आणि कळतही होतं. मी गप्प बसलो.

ऑपरेशन चार तास चाललं. गाठ निघाली, आवाज गेला. दहा दिवस गळ्यात घातलेल्या नळीतून श्वास चालला होता. शुद्धीवर आल्यावर काकांनी खुणेने गाठ मागवली, बरणी उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवली आणि परत दिली. गाठीला बैलासारखे दात असते तर त्यांनी वयही सांगितलं असतं.

नंतर जो आवाज आला तो कोरड्या पानांवरून उंदीर जावा एवढा. पातळ चहाने ठसका लागे, म्हणून ते चहात भाकर कुस्करून खात. आता दलाली बुडाली असं सगळे म्हणाले. झालं उलटंच. काका बैलाशेजारी उभे राहून ओठ हलवू लागले की शेतकरी गप्प होऊन जवळ सरकत. एवढ्या कष्टाने बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा त्यांचा हिशेब. म्हातारे बैल यापूर्वी एवढे कधी खपले नव्हते.

पाच वर्षं भरत आली तशी काकू जेवेनाशा झाल्या. मला म्हणाल्या, "मास्तरभाऊ, याईले नागपूरले घेऊन जा. मुदत वाढवून आना." नाही कसं म्हणणार? आम्ही दोघं यवतमाळच्या एस.टी.त बसलो. दारव्हा मागे पडलं आणि मला राहवेना. म्हणालो, "काका, माझी चूक झाली. सर्जनसाहेबांना तुमची खूण ठाऊकच नव्हती. त्यांनी नुसता धीर दिला होता."

काका आवाज न करता हसले. हसता हसता ठसका लागला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मले मालूम नसन काय, मास्तर? डॉक्टर कवा बैल घ्याले आलता? पन तुमची काकू कापू देत नव्हती. तिले थाप दिसाले पायजे होती. आन मले जगाचं होतं."

पाच वर्षांचं ओझं माझ्या उरावरून उतरलं. मला त्यांचा रागही आला. नागपूरला साहेबांनी मान चाचपली, गळा पाहिला, आणि "उत्तम" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. दुपट्टा खांद्यावरून खाली आलाच नाही.

दिग्रसच्या स्टँडवर काकू उन्हात उभ्या होत्या. "किती?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांचा हात पदराआड घेतला. मी तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, "बाप्पा! येवढे कायले मांगतले?" आणि भर स्टँडवर त्या हसल्या.

पुढे दोन वर्षांनी काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता तीन दिवसांत आटोपलं. माझी बदली तोवर पांढरकवड्याला झाली होती. मी तेराव्याला पोचलो. काका ओसरीत बसले होते. बाजारातली माणसं येऊन गेली होती. मी जवळ बसलो तेव्हा त्यांचे ओठ हलले, आणि ऐकायला मला खूप वाकावं लागलं.

"दोनी खेपा म्या माह्यापुरतंच मांगतलं, मास्तर. तिच्यासाठी मांगाचं सुचलंच नाही."

असा काही सौदा कधी झालाच नव्हता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? पण ते रडत होते, आणि मला ते सांगवेना.