कानसेन आणि बाथरूममधला टीव्ही

पाणी खात्यात त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण जमिनीखाली चार फुटांवर पाइपाला सुईएवढं भोक पडलं, तर ते वर रस्त्यावर उभं राहून सांगत, "इथे खणा." हत्यार एकच. खांद्याएवढी लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला पालथ्या वाटीसारखा लाकडी गोळा. सळई जमिनीला टेकवायची, गोळा कानाला लावायचा आणि श्वास धरून उभं राहायचं. रस्ते जागे व्हायच्या आत हे उरकावं लागे, कारण एक सायकल गेली तरी सगळं मुसळ केरात. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं.

असलं काम करणाऱ्याचा स्वभाव कसा होणार? वरून कोरडा ठणठणीत दिसणारा रस्ता आतून ओला आहे, असं धरूनच चालायचं. आयुष्यात एकदाच ते चुकले. एका गल्लीत पाइप अगदी गप्प होता, म्हणून त्यांनी 'ठीक' असा शेरा मारला, आणि चौथ्या दिवशी रस्ता खचून एका फळवाल्याचा पाय मोडला. फळवाला दोन महिन्यांत बरा झाला, कानसेन काही झाले नाहीत. "बोंबलणारा पाइप परवडला, गप्प पाइपावर विश्वास ठेवू नये," असं ते खात्यातल्या नव्या माणसांना बजावत. हेच शास्त्र त्यांनी घरीही लावलं, ही मात्र हद्द झाली.

कारण निवृत्तीनंतर रस्ते सुटले, कान सुटले नाहीत. शहरभर पसरलेलं ऐकणं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम एवढ्यात येऊन साचलं. "कपाट परत का उघडलंस?" "फोनवर शेवटी आवाज का बारीक केलास?" "पहाटे उसासा टाकलास, काय झालं?" बायको छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करून निवृत्त झालेली. दुसऱ्यांच्या चुका आरडाओरडा न करता काढायची तिला सवय. ती थोडक्यात उत्तर देई आणि कामाला लागे. भांडण असं या घरात झालंच नव्हतं, आणि कानसेन त्याचा अभिमान बाळगून होते.

एके दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "अहो, बाथरूममध्ये एक टीव्ही बसवून घ्यावा म्हणते."

कानसेनांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या कानांवर अविश्वास दाखवला. "कशात?"

"बाथरूममध्ये. छोटासा. भाऊ बसवून देईल, त्याला विचारलंय मी."

म्हणजे भावाला आधी, नवऱ्याला नंतर! कानसेनांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टीव्हीची हौस असलेल्या बाईने हे म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. ही बाई बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीकडे ढुंकून बघत नसे. रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटन तेवढं तिला ठाऊक होतं. अशा माणसाला अंगाला साबण लावताना मालिका कशाला हव्यात?

त्यांनी चौकशी सुरू केली. मेहुणा वायरमन, साधा माणूस. तो म्हणाला, "भावोजी, वाफेचं काही टेन्शन नाही. वेगळा येतो तो, पुढे जाड काच, मागून सीलबंद."

"कुणाच्या गळ्यात बांधायचा राहिलाय का तुझ्याकडे?"

"मी कशाला बांधतोय? ताईनं मागितला. मी तर म्हटलं, आरशाला दिवा लावून देतो. ती म्हणाली, टीव्हीच हवा, आणि आवाज मोठा पाहिजे."

आवाज मोठा पाहिजे! हे वाक्य कानसेनांनी मनात जपून ठेवलं. मग परगावच्या लेकीला फोन लावला. ती हसेल, "आईला काय झालंय?" असं विचारेल, अशी त्यांची अपेक्षा. ती म्हणाली, "बाबा, तिला हवाय ना? मग बसवा की." एवढंच. बाथरूममध्ये टीव्ही म्हटल्यावर ज्याला नवल वाटत नाही, त्याला ते आधीच माहीत असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुरणारं पाणी शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यांनी घड्याळ लावलं. बायको संध्याकाळी सहाला आत जाई आणि पावणेसातला बाहेर येई. तांब्याचे आवाज सात मिनिटं. म्हणजे उरली अडतीस. त्या अडतीस मिनिटांत नळाची बारीक धार चालू, आणि ते पाणी कुणी वापरत नव्हतं. पाणी वाहतंय आणि वापर नाही, याला खात्यात एकच शब्द होता. गळती.

आता खरं सांगायचं तर कानसेन घाबरले होते. फोनवर कुणाशी बोलत असेल, भावाबहिणीचं काही गुपित असेल, असल्या शंका ते तोंडी लावण्यापुरत्या घेत. आतली भीती वेगळी होती. हिला काही दुखणं झालंय. गाठ असेल, रक्त पडत असेल. ती आत बसून सोसते आहे, लेकीला आणि भावाला सांगितलंय, आपल्यालाच नाही. एक दिवस सगळं खचेल आणि आपण 'ठीक' असा शेरा मारून बसलेले असू. त्यांना जेवण जाईना.

सरळ विचारायचं सोडून त्यांनी माळ्यावरची सळई काढली.

स्वयंपाकघराची एक भिंत बाथरूमला लागून होती. सहा वाजून दहा मिनिटांनी कानसेनांनी ओट्याशेजारी सळई भिंतीला टेकवली आणि गोळा कानाला लावला. आधी नळाची धार. ती त्यांनी बाजूला केली, कामच होतं ते. धारेमागे प्लास्टिकच्या स्टुलाची कुरकुर. त्यामागे श्वास, संथ. कण्हणं नाही, रडणं नाही, बोलणं नाही. त्यांनी सळई वीतभर वर सरकवली.

आणि त्यांच्या कानातच टकटक झाली. तीन वेळा, अगदी सळईच्या टोकापाशी. पाठोपाठ बायकोचा आवाज आला.

"ऐकू येतंय ना नीट? की थोडी डावीकडे सरकू?"

कानसेनांच्या हातून सळई सुटली ती थेट भांड्यांवर. सगळा मामला जगजाहीर झाला.

ती बाहेर आली. केस ओले, चेहरा शांत. दुखणाइताचा तर मुळीच नाही. "सळई टाइल्सवर घासली की कसा आवाज होतो, ते मला कळणार नाही असं वाटलं का तुम्हाला? तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहिल्यावर?"

"अगं, पण तू आत करतेस काय?" त्यांचा आवाज चढला होता. "काही होतंय का तुला? मला सांगत का नाहीस?"

"काही होत नाही. काही करत नाही. स्टुलावर बसते."

"नुसतं? अडतीस मिनिटं?"

"मोजलीत पण!" ती हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "या घरात मी कूस बदलली तरी तिचं कारण द्यावं लागतं मला. उसासा टाकायचा तर आधी उत्तर तयार ठेवावं लागतं. मला दिवसातला एक तास असा हवा, की मी कुणालाच ऐकू येणार नाही. नळ सोडून बघितला. तुम्ही नळामागचंही ऐकता. म्हणून म्हटलं, टीव्ही लावावा. मोठ्याने."

"काही नाही असं काही नसतं," कानसेन पुटपुटले. इतकं ऐकूनही त्यांना खरं वाटत नव्हतं, यावरून काय ते समजावं.

"बरं. मग दुसरं सांगते. लेक केव्हाची बोलावतेय. टीव्ही नसेल बसवायचा तर मी तिच्याकडे जाते. चार-सहा महिने. तिथे मी शिंकले तरी कुणी मान वर करून बघत नाही. छान वाटतं."

हे तिने भांडून सांगितलं असतं तर कानसेनांना सोपं गेलं असतं. मुद्रितात चूक दाखवावी तसं सांगितलं आणि ती भांडी उचलायला लागली. चार-सहा महिन्यांचं तिकीट परतीचं नसतं, हे कळायला सळई लागत नव्हती.

रविवारी मेहुणा ड्रिल घेऊन आला. कानसेनांनी वायर कुठून जाणार, बटन बाहेर का नाही, असे दोनचार प्रश्न सवयीने विचारले आणि मग स्वतःच स्टूल धरून उभे राहिले. टीव्ही बसला.

सोमवारी सहाला आतून टीव्ही गरजायला लागला. कुणीतरी कुणालातरी वाडग्यांचा सेट विकत होतं. कानसेन बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. दोन मिनिटं गेली आणि त्यांच्या लक्षात आलं की स्टुलाची कुरकुर त्यांना ऐकू येते आहे. विक्रेत्याचा आवाज कानांनी आपसूक बाजूला सारला होता आणि त्यामागची बायको लख्ख ऐकू येत होती. टीव्हीच काय, आत बँडपथक बसवलं असतं तरी फरक पडला नसता. तिचे पैसे, भावाचा रविवार, सगळं पाण्यात गेलं होतं, आणि हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

त्यांना स्वतःच्या कानांची किळस आली. त्यांनी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि खाली उतरले.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीवर बसले. आता ती काय करत असेल, पाय घसरला तर, श्वास अडकला तर, अशी भुणभुण डोक्यात चालूच होती. दोनदा उठून चार पावलं परत गेले आणि पुन्हा येऊन बसले. शिंप्याने विचारलं, "घरी काही झालंय का?" ते म्हणाले, "काही नाही." शिंप्याने मान हलवली आणि तो काजं करायला लागला. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही, याचं कानसेनांना फार नवल वाटलं.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी परतल्यावर त्यांनी जेवताना विचारलं. उलटतपासणी वाटू नये म्हणून भाजीकडे बघत विचारलं. "काय असतं गं टीव्हीवर एवढं?"

"मला काय माहीत? तुम्ही दार ओढलंत की मी बंद करते तो."

कानसेनांचा घास हातात राहिला. म्हणजे बारा दिवस ती आत चिडीचूप बसत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. आधी अपमान झाल्यासारखं वाटलं. मग छातीवरून काहीतरी जड उतरल्यासारखं वाटलं, आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटली.

"मग काढून टाकायला सांगू का त्याला?"

"नको, राहू दे," ती त्यांच्या ताटात पोळी वाढत म्हणाली. "तो लावल्याशिवाय तुम्ही उठत नाही."